अलार्म बसवणं ते अलार्म तपासणं : आमची वाटचाल

सराफाची दुकानं, पतसंस्थांच्या शाखा, कृषी सेवा केंद्रं, जिनिंगची ऑफिसं आणि धान्याची गोदामं. यवतमाळ, वर्धा, अमरावती जिल्ह्यांतल्या बाजारगावांत आम्ही चोरीचे अलार्म बसवतो. सुरुवातीला काम म्हणजे भिंतीला भोकं पाडणं, वायर ओढणं, सायरन वाजवून दाखवणं आणि बिल देणं. आता आमचा निम्म्याहून जास्त वेळ बसवलेले अलार्म तपासण्यात जातो. हा बदल इकडच्या उन्हामुळे, लाइनीमुळे आणि उंदरांमुळे झाला.

आधी उन्हाचं. पीआयआर सेन्सर हालचाल बघतो असं समजलं जातं. खरं तर तो उष्णतेतला फरक बघतो. अंगावरच्या कपड्यांसकट माणूस बाहेरून साधारण ३२ ते ३५ अंश असतो. जानेवारीच्या रात्री गोदामाची भिंत १५ अंशांवर आली की दहा-बारा मीटरवरचा माणूसही सेन्सरला चटकन कळतो. मे महिन्यात टिनाखालची पश्चिमेकडची भिंत रात्री नऊला, म्हणजे नेमकी अलार्म लावायच्या वेळेला, ३५ अंशांच्या आसपास असते. माणूस आणि भिंत सारखेच तापलेले असले की मधून कोण गेलं ते सेन्सरला उमगत नाही. तापमानानुसार संवेदनशीलता वाढवणारे सेन्सर मिळतात. ते घ्यावेतच, पण त्यांना मग पालही लवकर दिसते. टिनाच्या गोदामात आम्ही पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (लहरी सोडून हालचाल टिपणारा) एकत्र असलेला सेन्सर लावतो. दोन्हींनी होकार दिला तरच तो अलार्म देतो.

म्हणून चालून बघायची चाचणी आम्ही मे महिन्यात, दुकान बंद होतानाच करतो. पॅनल (सगळे सेन्सर जोडलेला मुख्य डबा) वॉक टेस्टवर टाकायचं, म्हणजे सायरन गप्प राहतो आणि सेन्सरचा लाल दिवा तेवढा पेटतो. पंखे बंद करून दोन मिनिटं खोली रिकामी ठेवायची. मग चोर जिथून येऊ शकतो अशा प्रत्येक जागेपासून चालायचं : शटर, मागचं दार, खिडकी, टिन उचकटता येईल असा कोपरा. एकदा नेहमीच्या चालीने, एकदा अगदी सावकाश. तीन-चार पावलांत दिवा पेटला पाहिजे. पेटला तिथे जमिनीवर खडूची खूण करायची आणि सेन्सरपासूनचं अंतर वहीत लिहायचं. हिवाळ्याच्या खुणेपेक्षा मेची खूण सेन्सरच्या एक तृतीयांशाहून जास्त जवळ आली, तर तिथे दुसरा सेन्सर लागतो.

सेन्सरची उंची २.१ ते २.४ मीटर ठेवतो. त्याच्यासमोरून आडवा जाणारा माणूस लवकर कळतो, सरळ अंगावर येणारा उशिरा. त्यामुळे शटरसमोरची भिंत टाळून बाजूचा कोपरा धरतो. नजरेत देव्हारा येऊ देत नाही. लक्ष्मीसमोर दिवा लावून दुकान बंद करण्याची रीत आहे, आणि हलणारी ज्योत हे खोट्या अलार्मचं ठरलेलं कारण आहे. पावसाळ्यात भिंगावर किडे बसतात, त्यांच्यामागे पाल येते. सेन्सरची मागची वायरीची भोकं सिलिकॉनने बुजवली तर आत जाळी होत नाहीत. जिनिंगमध्ये रुईचे तंतू भिंगावर साचून पडदाच तयार होतो. कापसाच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी भिंग कोरड्या मऊ फडक्याने पुसावं लागतं.

वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी चूक झोनच्या, म्हणजे पॅनलपासून सेन्सरपर्यंतच्या एका वायरीच्या, शेवटच्या रेझिस्टरची आहे. त्याचा रोध मोजून पॅनल वायर शाबूत आहे का ते ओळखतं. तो सेन्सरच्या टोकाला बसवायचा असतो. बसवणारा घाईत तो पॅनलच्या डब्यातच जोडून मोकळा होतो, कारण तिथे ते सोपं. पॅनल व्यवस्थित दाखवतं आणि चाचणीत सायरनही वाजतो. पण मधे उंदराने वायर कुरतडून दोन तारा एकमेकींना चिकटल्या, की पॅनलला झोन बंद, म्हणजे सगळं ठीक, असंच दिसतं आणि शटर उघडलं तरी काही होत नाही. रेझिस्टर टोकाला असेल तर हाच शॉर्ट लगेच कळतो. किती किलोओहमचा लावायचा ते पॅनलच्या पुस्तिकेत असतं, २.२, ४.७, ५.६ असे वेगवेगळे येतात आणि एकाचा दुसऱ्याला चालत नाही. दुसऱ्याचं काम आमच्याकडे तपासायला आलं की आम्ही पहिल्यांदा हेच उघडून बघतो. धान्याच्या गोदामात वायर प्लास्टिकच्या पट्टीतून न नेता लोखंडी पाइपातून नेतो.

सायरनची वायर जाड हवी. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ४० मीटर नेली, तर जाऊन-येऊन ८० मीटरचा रोध तीन ओहमच्या आसपास होतो. सायरन एक अँपिअर घेत असेल तर तीन व्होल्ट वाटेतच जातात, बारापैकी नऊ उरतात आणि आवाज बसतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत हा घसारा एका व्होल्टवर येतो.

आता लाइन. पॅनल, मोबाइलच्या सिमवरून फोन लावणारं जीएसएम मोड्युल आणि सहा सेन्सर मिळून साधारण पाव अँपिअर घेतात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर २८ तास चालेल. नवी असताना २० धरावेत. उष्णतेत सीलबंद बॅटरी लवकर मरते, तापमान आठ-दहा अंश वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. पॅनल टिनाजवळ किंवा पश्चिमेच्या भिंतीवर लावायचं नाही. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहितो आणि दोन वर्षांनी ती बदलतो. तपासायची पद्धत अशी : लाइन बंद करायची, सायरन पाच मिनिटं वाजवायचा आणि वाजत असतानाच बॅटरीवर मल्टिमीटर धरायचा. १२ च्या वर असेल तर ठीक, साडेअकराच्या खाली गेली तर त्याच दिवशी बदल. चार्जिंगवर १३.६ दाखवते म्हणून बॅटरी चांगली आहे, असं होत नाही.

डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. पॅनलचा ट्रान्सफॉर्मर जळतो, बॅटरी दिवसभर ओढते आणि मग सगळं शांत. म्हणून लाइन गेल्याचा एसएमएस चालू हवाच. मात्र तो ४५ मिनिटांनी जावा असं सेटिंग करतो. लगेच जाणारा एसएमएस भारनियमनात दिवसातून चारदा येतो आणि मालक तो वाचणं सोडतो.

फोनचंही बदलत गेलं. आधी लँडलाइनवरून आपोआप फोन लावणारे डायलर होते. फोनची तार बाहेरून कापली की संपलं. मग टू-जी मोड्युल आले. त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं टू-जी जाळंच नाही. आता आम्ही फोर-जीच लावतो. अँटेना लोखंडी डब्याच्या बाहेर, सिमचा पिन काढलेला. रिचार्ज संपणं हा मात्र कुठल्याही मोड्युलचा दोष नाही, आणि अलार्म मुका होण्याचं तेच नेहमीचं कारण आहे. प्रत्येक ग्राहकाच्या सिमची तारीख आमच्या वहीत असते. डायलरमध्ये मालक, शेजारचा दुकानदार आणि चौकीदार असे तीन नंबर टाकतो. ११२ टाकत नाही. तिथे माणसाने बोलून पत्ता सांगावा लागतो.

महिन्यातून एकदा दुकानदाराने स्वतः करायचं ते दहा मिनिटांचं आहे. शेजाऱ्यांना सांगून अलार्म लावायचा, शटर उघडायचं, सायरन आणि तिन्ही फोन आले का बघायचं. पुढच्या महिन्यात मागच्या दारापासून, त्यानंतर गल्ल्याखालच्या पॅनिक बटणापासून. दरवेळी एकच दार तपासलं तर बाकीचे झोन वर्षभर कोणी बघत नाही. आमची फेरी मेमध्ये आणि दिवाळीआधी असते.

आता वावरातल्या मोटारपंपाच्या केबलसाठी विचारणा वाढली आहे. त्यात केबलसोबत दोन जास्तीच्या तारा नेतो आणि टोकाला, मोटारीपाशी, तोच रेझिस्टर बसवतो. केबल कापली की हा लूप तुटतो आणि मालकाला फोन जातो. शेतीची लाइन ठरावीक तासच असते, म्हणून हे सगळं बॅटरीवर चालवावं लागतं. लूप आणि जीएसएम मिळून ६० मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला जवळपास दीड अँपिअर-तास. १० वॉटचं सोलर पॅनल उन्हाळ्यात पुरतं, पण श्रावणातल्या ढगांत पुरत नाही. २० वॉटचंच लावतो. तपासताना मोटारीपाशी लूपची तार दोनदा सोडवून बघायची, एकदा मोटार चालू असताना आणि एकदा लाइन नसताना. मोटार सुरू होतानाच खोटा फोन आला, तर लूपची तार केबलला फार चिकटून गेली आहे; ती तारांना पीळ देऊन, वितभर अंतराने पुन्हा टाकावी लागते.