दिवाणामागची भिंत
2025 च्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात जो पाऊस झाला तो कुणी विसरणार नाही. सोयाबीन गेलं ते सगळ्यांनी बघितलं, पण घराघरात जी ओल शिरली तिच्याबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहायलेय.

माझा पोरगा पाच वर्षांचा. दिवाळीनंतर खोकला सुरू झाला, दिवसा एकदम ठीक, खेळणं पळणं सगळं, आणि रात्री दोन वाजले की छातीत घरघर, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची, बघून जीव नुसता गोळा व्हायचा. सिरप झाले, वाफ झाली, सासूबाईंनी ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं. माझ्या माहेरी परभणीला आठ दिवस राहिलो तर एकदाबी खोकला नाही, अन् नांदेडला घरी आल्यावर तिसऱ्या रात्री परत तेच!

शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, लेकरू झोपतं कुठं?

घरी येऊन दिवाण ओढला. भिंतीवर हातभर उंच काळे-हिरवे ठिपके, बोट लावलं तर काजळीसारखं बोटाला आलं, गादीच्या मागच्या बाजूलाबी तेच. तो कुबट वास आम्ही पावसाळ्याचाच समजत होतो. आणि याच भिंतीला दिवाळीत नवा कलर दिलेला. गच्चीचा पाइप बाहेरून फुटलेला, सगळं पाणी भिंतीत मुरत होतं, कलरनं काय होणार?

डॉक्टर म्हणाले, बुरशीचे कण डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक असतात, लेकरांच्या श्वासनळ्या अरुंद आणि श्वास मोठ्यांपेक्षा भरभर चालतो, त्यामुळं नळ्या सुजून लवकर आवळतात. प्रत्येकच लेकराला होतं असं नाही, पण दम्याचा त्रास असला की बुरशी तो भडकवते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मधेच यावर अख्खी मार्गदर्शिका काढलीय. इंग्लंडमधे रॉचडेलला 2020 च्या डिसेंबरात अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं लेकरू घरातल्या बुरशीपायी गेलं, त्याच्या नावानं तिथं घरमालकांसाठी कायदा झाला. आपल्याकडं भाडेकरूनं सांगितलं तर उत्तर ठरलेलं, पावसाळ्यात ओल येतेच.

दम्याच्या पंपाची, म्हणजे औषध श्वासातून ओढायच्या इन्हेलरची, सवय लागते म्हणून मीबी आधी नको म्हणत होते. सवय लागत नाही हो, औषध थेट फुफ्फुसात जातं म्हणून उलट कमी लागतं. यात माझे दोन महिने वाया गेले, तुमचे घालू नका.

आधी पाइप बदलला, मग पोपडे खरवडले. पोराला शेजाऱ्यांच्या घरी ठेवून, तोंडाला मास्क लावून, साबणाच्या पाण्याच्या फडक्यानं पुसलं, कोरडा झाडू मारला तर सगळं हवेत उडतं. आणि ब्लीचमधे संडास धुवायचं ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी गॅस होतो. गादी टाकूनच दिली. भिंत पूर्ण वाळेपर्यंत प्लास्टर नाही केलं.

उन्हाळ्यात कूलर काढला तर मागच्या सालचं गवत तसंच काळं पडलेलं, तेबी बदललं.

आता दिवाण भिंतीपासून वीतभर लांब असतो. सकाळी झाडायच्या आधी सासूबाईच मागं हात घालून भिंत चाचपतात, अन् आतूनच सांगतात, कोरडी हाय गं.