बाणकोट ते हर्णे, बुवांच्या मागून

आमच्या शेजारच्या वाडीतले बुवा दरवर्षी कार्तिकीला पायी पंढरपूरला जातात. आषाढीला नाही. "आषाढात लावणी सोडून गेलो तर इठोबाच माघारी धाडेल," असं त्यांचं म्हणणं. कोकणातले पुष्कळ वारकरी कार्तिकीचे किंवा माघीचे असतात, ते याच कारणानं. परवाच्या कार्तिकीहून आले तेव्हा बुक्क्याची पुडी घरोघर देत ते माझ्याही ओट्यावर आले. पुडी हातात धरूनच म्हणाले, "पाळकसाहेब, तुमाला ही चालते का न्हाय, म्हाइत न्हाय. लाह्या तरी घ्या." लाह्या घेतल्या. मग ते सहज म्हणाले, "तुमच्यात वारी न्हाय?"

नाही, म्हटलं. आमच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथानं सोळाव्या शतकातच यात्रा, नवस, संतांचे अवशेष या सगळ्याला रामराम ठोकला. देव सगळीकडे आहे, मग चालत कुठे जायचं, असा आमचा युक्तिवाद. बुवांनी तो शांतपणे ऐकला. "बरोबर हाय. पण तुमचं हितं सुरू कुठं झालं? कोन पयला आला?"

त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. बाणकोट, 1823.

"मग तितं जाऊ की," बुवा म्हणाले. एवढंच झालं. फेब्रुवारीत, आमचा उपासकाळ लागल्यावर, आम्ही दोघे सकाळच्या एसटीनं बाणकोटला उतरलो. तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं हर्णेपर्यंत चालत यायचं, असा बेत. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी आदल्या रविवारी विचारलंच होतं, "पाळकसाहेब, हे आपल्यात बसतं का?" मी म्हटलं, चालणं बसतं.

बाणकोटच्या किल्ल्यावर आम्ही दोघेच होतो. जांभ्या दगडाची तटबंदी, खोदून काढलेला खंदक, खाली सावित्रीचं मुख आणि पलीकडे हरिहरेश्वर. इंग्रजांनी 1755 मध्ये घेतल्यावर याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं होतं. पेशवाई गेल्यावर दक्षिण कोकणचा कारभार काही वर्षं इथूनच चालला; 1822 मध्ये कचेरी रत्नागिरीला हलली. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक आले ते त्याच्या दुसऱ्याच वर्षी. म्हणजे सरकार उठून गेलं आणि पाद्री आले! आमच्या लोकांचा मुहूर्त हा असा. त्यांच्यातला पहिला, डोनाल्ड मिचेल, पूर्वी कंपनीच्या फौजेत होता. तो आला त्याच वर्षी वारला. बाकीच्यांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या, बाजारात उभं राहून उपदेश केला. शाळा पुष्कळ झाल्या, बाप्तिस्मे बोटांवर मोजण्याइतके. थोड्याच वर्षांत मिशनचा गाशा पुण्या-मुंबईकडे गेला.

खाली गावात मी तिघाचौघांना विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. एका आजोबांनी गोऱ्या साहेबाच्या बायको-पोराची थडगी आहेत म्हणून सांगितलं, पण ती गोष्ट वेगळ्या साहेबाची. मी जरा हिरमुसलो. दोनशे वर्षांत एक दगडसुद्धा नाही?

"काय शोधताय?" बुवांनी विचारलं.

"खूण."

"पंढरीच्या वाटेवर गेल्या साली कोन चालला, त्याची खूण कुठं असती?" असं म्हणून ते चालायला लागलेही. बुवांचं हे असं आहे. बोलतात आणि वळतात, उत्तर द्यायला वेळ देत नाहीत. मी प्रवचनात नेमकं उलटं करतो. एखादं वाक्य बरं जमलं की ते तीन वेळा सांगतो.

वेळासपर्यंतचा रस्ता सावलीचा. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, पण हल्ली ओळख कासवांची. 2002 पासून इथे ऑलिव्ह रिडलेची अंडी जपतात, पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. त्या दिवशी एकही पिल्लू निघालं नाही. राखण करणाऱ्या मुलानं टोपली उचलून रिकामी वाळू दाखवली. "उद्या असतील. सांगता येत नाही." तो रोज सकाळ-संध्याकाळ टोपली उचलतो. मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो, कारण माझ्या उपासनेला रविवारी वीस-बावीस माणसं असतात आणि त्यांतली किती गेल्या रविवारचं काही घरी नेतात, हा प्रश्न मला शनिवारी रात्री बरोबर अकराच्या सुमारास पडतो. शनिवारची ती वेळ पाळकाच्या बायकोला विचारा. चहा, खोडलेली पानं आणि चिडका नवरा.

दुपारी पाय बोलायला लागले. बुवा सत्तरीला आलेले, अनवाणी, आणि मी बुटात लंगडतोय.

चालताना मी त्यांना अम्माऊसची गोष्ट सांगितली. लूकच्या शुभवर्तमानातला चोविसावा अध्याय. येशूला वधस्तंभावर दिल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे चाललेत, अकराएक किलोमीटर, तोंडं उतरलेली. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत येतो. तो येशूच असतो, पण त्यांना ओळखू येत नाही. तो त्यांना सगळं शास्त्र समजावून सांगतो, तरी ओळखत नाहीत. संध्याकाळी जेवायला बसल्यावर तो भाकर मोडतो, तेव्हा कुठे ओळख पटते. या उताऱ्यावर मी निदान आठ-नऊ वेळा प्रवचन केलं असेल.

बुवा थोडं अंतर गप्प चालले. मग म्हणाले, "त्यानं पयलं काय इचारलं?"

"कुणी?"

"तुमच्या देवानं. वाटंत गाठ पडली तवा पयलं काय बोलला?"

मला थांबून आठवावं लागलं. तो पहिलं विचारतो, की तुम्ही चालता चालता काय बोलताय? ते सांगतात, तर म्हणतो, काय झालं? त्याला सगळं माहीत असतं, त्याच्यावरच गुदरलेलं असतं, तरी तो त्यांच्याकडून ऐकून घेतो. शास्त्र त्यानंतर. आठ-नऊ प्रवचनांत मी दरवेळी शास्त्रापासून सुरुवात केली होती. त्या दोन प्रश्नांवरून मी दर वेळी असा पुढे गेलो होतो, जसा एसटीचा ड्रायव्हर हात न केलेल्या थांब्यावरून जातो.

"ऐकून घेतल्याबिगर बोलला न्हाय म्हंजे," बुवा म्हणाले, आणि भारजेच्या पुलाकडे वळले.

रात्री केळशीत उतरलो, बुवांच्या ओळखीच्या घरी. सुपारीच्या वाडीतलं कौलारू घर, पडवीत घडवंची, कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी. जेवणाआधी हरिपाठ. घरातल्या सुनेनं पीठ मळता मळता म्हटला, शाळकरी पोरानं पेंगत म्हटला, पाठ सगळ्यांना. अठ्ठावीस अभंग, कुणाच्याही हातात पुस्तक नाही. बुवांनी माझ्यापुढे टाळ सरकवले. मी घेतले. नाव मी घेतलं नाही, ठेका मात्र धरला. हे लिहिताना थोडं अवघड वाटतंय, कारण माझ्या काही लोकांना टाळही खटकतील आणि बुवांच्या लोकांना माझं गप्प राहणं. पण तसं झालं खरं. आमच्या उपासना संगीतातली कितीतरी पदं ज्यांची आहेत ते ना. वा. टिळक याच जिल्ह्यातले, 1861 मध्ये करजगावात जन्मलेले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. मी जन्मानंच पलीकडच्या काठावरचा, त्यामुळे पूल कधी पायाखाली आला नव्हता.

आणखी एक गोष्ट त्या पडवीत लक्षात आली. सांगणारा आणि ऐकणारे असे दोन भाग तिथे नव्हतेच. बुवा चरण म्हणत, बाकीचे ध्रुपद उचलत, त्यामुळे कुणाला झोपायची सोय नव्हती. पेंगणाऱ्या पोरालासुद्धा त्याच्या ओळीला जागं व्हावं लागायचं. आमच्याकडे मी पंचवीस मिनिटं एकटा बोलतो.

दुसऱ्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. याकूबबाबांच्या दर्ग्यावरून निघालो, उटंबर, आडे, पाडले. मोहोराचा वास, सुरूचं बन, डाव्या टाचेला टरारून फोड. आंजर्ल्याला बुवा कड्यावरच्या गणपतीला चढून आले. मी खाली सोलकढी पीत बसलो आणि त्याचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

हर्णेला पोचलो तेव्हा बंदरात लिलाव भरात होता. मिशनरी जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं मुंबईला कॉलेज आहे, ते 1829 मध्ये विलायतेहून आले आणि मराठी शिकायला आधी या बाणकोट-हर्णेच्या पट्ट्यातच राहिले. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग त्यांनीही पाहिला असणार. मराठी ते पंतोजीकडून किती शिकले नि या वाळूवर किती, कोण जाणे. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, भोवती बायकांचं कडं. लिलाव करणारा बोलत होता जेमतेम दोन मिनिटं एका ढिगामागे. पण बोलताना त्याची नजर ढिगावर नव्हती, समोरच्या चेहऱ्यांवर होती. एका बाईनं नुसती भुवई उचलली, ती त्यानं ऐकली.

बुवा माळकरी, ते वाऱ्याची दिशा बघून लांब उभे होते. मला घरून सांगणं होतं, म्हणून मी दोन डझन बांगडे घेतले, पिशवीत पिशवी घालून.

दापोलीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. पिशवी पायांशी ठेवली आणि मला गाढ झोप लागली. जाग आली ती शेवटच्या चढाला. पायांशी पिशवी नव्हती. शेजारी बुवा ताठ बसलेले, तुळशीची माळ सदऱ्याच्या आत टाकलेली, आणि माझे बांगडे त्यांनी छत्रीच्या मुठीला अडकवून माझ्या अंगावरून खिडकीबाहेर धरले होते.

"गळत व्हती," ते म्हणाले. "म्होरल्या बाईच्या तांदळावर जात व्हतं पानी. तुमी झोपा अजून, हाय वेळ."