तुम्ही विचारलंत म्हणून: आवडतं म्हणतेस, मग लागलं की बंद का करतेस?

भिशीत, गाडीत, लग्नघरात, कुठेही गाण्यांचा विषय निघाला की प्रत्येकीने आपलं आवडतं गाणं सांगायचं असतं, आणि माझी पाळी आली की मी 'या चिमण्यांनो परत फिरा रे' म्हणते, मग कोणीतरी हौसेने लगेच मोबाईलवर लावतं आणि मी म्हणते बंद कर, नाहीतर सरळ उठून बाहेर जाते. आणि मग सगळ्यांचा तोच प्रश्न, अगं आवडतं ना तुला, मग हे काय? आजवर 'काही नाही गं' म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकते, म्हणजे परत कोणी विचारायला नको.

पहिलं म्हणजे आवडतं गाणं मांडी घालून ऐकलंच पाहिजे असं कोणी ठरवलं? ऐकत बसायला माझ्याकडे ढीगभर गाणी आहेत. या गाण्याला चाल लावणाऱ्या श्रीनिवास खळ्यांचंच, आमच्या खळेकाकांचं, 'श्रावणात घननिळा' आहे, 'शुक्रतारा' आहे, ती मी पोळ्या करताना, इस्त्री करताना, दिवसभर लावून ठेवू शकते आणि ठेवते पण. तीही मला प्रचंड आवडतात. पण सगळ्यात आवडतं कुठलं विचारलंत तर खोटं कशाला सांगू.

कॉलेजात गाण्याच्या क्लासला जायला लागले तेव्हा माझ्याकडे याचं तयार उत्तर होतं. सगळी जादू पूरियाधनाश्रीची आहे असं मी सांगत सुटायचे. संध्याकाळचा संधिप्रकाश राग, रिषभ धैवत कोमल, मध्यम तीव्र, त्यात लताबाईंचा आवाज, कोणाचंही काळीज हलणारच, त्यात माझं वेगळं काय. हे सगळं आजही खरंच आहे. पण मग तासभर चाललेला पूरियाधनाश्रीचा ख्याल मी सुखाने कशी ऐकते? तेव्हा नाही उठावंसं वाटत. म्हणजे तेव्हाची मी जे सांगत होते त्याने गाणं समजतं, माझं उठून जाणं काही समजत नाही. तेव्हा कोणी एवढं खोदून विचारलं नाही, नाहीतर मी भांडलेच असते.

गाणं तुम्हा सगळ्यांना माहितीये, 'जिव्हाळा' सिनेमातलं. दिवेलागण झालीये, पोरं अजून घरी आली नाहीयेत, पाल चुकचुकली तरी आईच्या जिवाला घोर लागतोय. इथपर्यंत कोणीही कवी आला असता. पण शेवटच्या कडव्यात गदिमांची आई म्हणते की तुमचा गोंधळ आजूबाजूला नसला की आमच्या हातून कामंच उरकत नाहीत. हे ज्याने घरात आई बघितलीये त्यालाच सुचेल. आणि नेमकं इथेच माझं बिनसतं, कारण माझ्या आईची कामं त्या वर्षी उरकत होती. तिला उरकावीच लागत होती.

ते वर्ष म्हणजे 1982. 18 जानेवारीला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर, त्यात आमचे बाबा, साचे खात्यातले, म्हणजे मागावर कापड विणणारे. संपाचं मी तुम्हाला काय सांगायचं, तुमच्यातल्या निम्म्याजणी त्याच गल्ल्यांतल्या आहात. आमच्याकडे पावसाळ्यापर्यंत तांब्याचा हंडा गेला, रेडिओ गेला, धाकट्याला गावी काकांकडे पाठवलं, आणि आई ऑफिसवाल्यांच्या डब्यांसाठी चपात्या लाटायला लागली. दादाची शाळा सुटलीच होती. तो एक दिवस भिवंडीला गेला आणि पावरलूमवर लागला.

आता यात एवढं काय असं आजच्या मुलांना वाटेल. पण गिरण्या बंद असताना मालक तिकडच्या मागांवरून कापड विणून घेत होते, आणि हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बाप संपावर आणि पोरगा भिवंडीच्या मागावर, बारा बारा तासांच्या पाळ्या. दादा पहिला पगार घेऊन आला तेव्हा बाबांनी पैशांना हातही लावला नाही, एवढंच म्हणाले, आमच्या पोटावर पाय द्यायला गेलास, आता तिकडेच राहा. नोटा पाटावर तशाच राहिल्या. दादा पायात चप्पल घालेपर्यंत थांबला असेल तेवढाच.

त्यानंतरची एक संध्याकाळ. आई चपात्या लाटतेय, मी स्टोव्हजवळ बसून शेकतेय, बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून. आमची आणि शेजारच्या काकूंची खोली म्हणजे मध्ये फक्त फळ्या, त्यांचा रेडिओ आमचाच असल्यासारखा ऐकू यायचा. आणि त्यावर हे गाणं लागलं. आईचं लाटणं थांबलं. पोळपाटावर अर्धी लाटलेली चपाती, एका बाजूने जाड राहिलेली, ती अजून दिसते मला. बाबा तिकडे तोंड ठेवूनच ओरडले, बंद करायला सांग तो रेडिओ. आई उठली, हात पदराला पुसले, फळीवर थाप मारली आणि म्हणाली, वहिनी, जरा मोठा करा.

बाबांसमोर तिने असं काही केलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. गाणं संपेपर्यंत ती फळीला हात लावून उभी होती. तव्यावरची चपाती करपली, माझ्या हातून, आणि कोणी मला ओरडलं पण नाही.

दादाची आठवण येते म्हणून तुला ऐकवत नाही, असं नवरा म्हणतो. तसं नाहीये. दादा परत आला, बाबा त्याच्याशी बोलायला लागले, संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही आणि बाबांची गिरणी काही परत उघडली नाही, पण दादा आला. खरं सांगू का, हे मी नवऱ्यालाही नाही सांगितलेलं. ते गाणं लांब गेलेल्यांसाठी आहे. दादासाठी होतं, गावी पाठवलेल्या धाकट्यासाठी होतं. मी तर तिथेच होते ना, तिच्या हाताशी, स्टोव्हच्या धगीत. मला कोणी कशाला हाक मारेल? आईला त्या वेळी तिसरं लेकरू दिसलंच नाही आणि मला आजही ते लागतं.

हे स्वार्थी वाटत असेल तर वाटू दे. आईवर माझा राग नाहीये, तिच्यावर काय काय होतं ते आता मला कळतं. पण कळलं म्हणून लागायचं थांबतं असं थोडंच आहे. आणि तरी आवडतंच, कारण आईला एकदा तरी स्वतःसाठी काही मागताना मी ऐकलं ते याच गाण्यामुळे. दोन्ही खरं आहे, कुठलं जास्त ते मला विचारू नका. माझ्या मुलीने ना संप बघितला ना चाळ, तिचेही डोळे या गाण्याला भरतात, मग माझ्या या सगळ्या कहाणीचा तिच्याशी काय संबंध? ते मला नाही सांगता येत.

आणि एक. धाकटा म्हणतो आईने रेडिओ मोठा नाही, बारीक करायला सांगितला होता, तिनेच नंतर त्याला तसं सांगितलं म्हणे. तो तेव्हा गावी होता, मी खोलीत होते. आता आई नाही, त्यामुळे दर गणपतीत आमचा यावरून वाद होतो आणि यंदाही होणार. बाबांच्या आठवणीला जपायला म्हणून आई त्याला तसं म्हणाली असेल, एवढं मी मानते. मोठा कर म्हणाली होती, यावरून मी हलणार नाही.