दहा दिवसांचं रिटर्न तिकीट

"तिथं बघण्यासारखं काय आहे?" झुरिकला गाडीत बसताना बायकोनं विचारलं. म्हटलं, स्टेडियम. "मॅच आहे?" नाही. ती कोल्हापुरात पेठेत वाढलेली, फुटबॉलवेड्यांची तिला सवय आहे. तिनं पुढं काही विचारलं नाही, डब्यातले पराठे काढले.

बील स्टेशनात गाडीतल्या घोषणा जर्मनवरून फ्रेंचवर आल्या. मग डावीकडं तळं, उजवीकडं उतारावर द्राक्षमळे, आणि न्यूशातेल. स्टेशन उंचावर, गाव खाली तळ्याकाठी. जुन्या घरांचा दगड पिवळसर, ताज्या लोण्याच्या रंगाचा.

माझं काम होतं मॅक्स आबेगलेनशी. 1902 साली याच गावात जन्मलेला स्ट्रायकर. रोमन लिपीतलं 'मॅक्स' उलटं वाचलं की होतं 'झाम', आणि तेच त्याचं टोपणनाव. दोन्ही जोडून गावच्या क्लबचं नाव पडलं झामाक्स. कुठूनही वाचा, तेच. देवनागरीत ही गंमत जमत नाही, मी वहीत बराच वेळ खटपट करून पाहिली. मौज म्हणजे त्याची भरातली वर्षं गेली झुरिकच्या ग्रासहॉपर क्लबात, म्हणजे आम्ही सकाळी निघालो त्याच शहरात!

झामाक्सचं मालादिएर स्टेडियम शोधायला गेलो आणि शिरलो मॉलमध्ये. चुकलो नव्हतो. खाली सुपरमार्केट, वर मैदान. 2007 साली बांधलेली ही जोडइमारत. दार बंद होतं. काचेला नाक लावून लाल-काळ्या रंगाचा एक तुकडा आणि कृत्रिम हिरवळीची एक पट्टी दिसली, तेवढ्यावर भागवलं. बायको खाली जाऊन चीज घेऊन आली.

बाकावर बसून तिला गोष्ट सांगितली. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकला स्विस संघ निघाला तेव्हा त्यांना स्वतःबद्दल इतकी कमी आशा की रेल्वेचं रिटर्न तिकीट काढलं दहा दिवसांचं. पहिल्याच सामन्यात लिथुआनियावर 9-0. चेकोस्लोव्हाकियाशी बरोबरी, पुन्हा खेळून 1-0. मग इटली गेली. तिकिटाची मुदत संपली, पैसेही संपत आले. झुरिकच्या 'श्पोर्ट' या वर्तमानपत्रानं वाचकांकडं मदत मागितली, तेव्हा मुक्काम लांबला. उपांत्य सामन्यात स्वीडनवर 2-1, दोन्ही गोल मॅक्सचे. 9 जूनला अंतिम सामना. समोर उरुग्वे, म्हणजे त्या काळी जगात सगळ्यांत देखणं फुटबॉल. 0-3. पण रौप्यपदक घेऊन परतले.

"म्हणजे हरले," बायको म्हणाली. म्हटलं, थांब, धाकटा भाऊ राहिलाय.

आंद्रे, टोपणनाव त्रेल्लो. तोही स्ट्रायकर, 1934-35 च्या मोसमात फ्रान्सच्या सोशो क्लबकडून 30 गोल मारून तिथल्या लीगमध्ये अव्वल. 1938 चा विश्वचषक, पुन्हा पॅरिस. स्विसांसमोर ऑस्ट्रिया गिळंकृत करून तिथले खेळाडू संघात घेतलेला जर्मनी. पहिल्या लढतीत 1-1, स्विसांचा गोल त्रेल्लोचा. पाच दिवसांनी पुन्हा सामना, जर्मनी 2-0 ने पुढं. मध्यंतराआधी वालाशेकनं एक फेडला, नंतर बिकेलनं बरोबरी केली, आणि शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत त्रेल्लोचे दोन. 4-2. स्विसांचा प्रशिक्षक कार्ल रापान स्वतः ऑस्ट्रियन होता. त्या रात्री त्याला काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

आणि तारीख? 9 जून. थोरला हरला त्याच तारखेला, त्याच शहरात, चौदा वर्षांनी. ही जुळणी मला गाडीत बसून तारखा लिहिताना दिसली, म्हणून जरा जास्तच मिरवली.

त्रेल्लो पस्तिशीतच, 1944 साली गेला. मॅक्स 1970 पर्यंत जगला. देशासाठी 68 सामन्यांत 34 गोल, हा त्याचा आकडा 2008 साली अलेक्झांडर फ्राय पुढं जाईपर्यंत कुणी ओलांडला नव्हता.

संध्याकाळी चढ चढून स्टेशनात आलो तेव्हा गाडी नुकतीच सुटली होती. बायकोनं आमचा दिवसाचा पास काढून बघितला. पहाटे पाचपर्यंत चालणार होता. मग चीज तिथंच उघडलं.