निर्वासितांना इंग्रजी शिकवायचंय? आधी पोलीस पडताळणीचं बघा

निवृत्त झाल्यामुळे हाताशी वेळ होता, हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवल्याचा अनुभव होता, चर्चवाले तर वाटच बघत होते. सगळं अडलं एका दाखल्यापाशी, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

शेजारच्या ताई ज्या चर्चला जातात, तिथल्या मंडळीची दिल्लीतल्या एका चर्चशी ओळख आहे. म्यानमारमधून जीव वाचवून आलेले चिन लोक (चिनी नव्हे, चिन ही म्यानमारमधलीच एक जमात) तिथे उपासनेला येतात. विकासपुरी भागात त्यांची बरीच कुटुंबं भाड्याने राहतात. कामापुरती हिंदी ते शिकतात, पण दवाखान्यातले कागद आणि नोकरीचे फॉर्म इंग्रजीत असतात, तिथे गाडी अडते. वर्ग ऑनलाइन, संध्याकाळचा. पाळकसाहेबांशी बोलणं झालं, नमुना तासही झाला.

वर्गात शाळकरी वयाची मुलंही बसतात, म्हणून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. मागणी रास्तच होती. अर्ज ऑनलाइन भरला आणि तो पोलीस ठाण्यात जाऊन बसला.

"कुठले निर्वासित? बांगलादेशी का?"

"म्यानमारचे, साहेब. दिल्लीत आहेत."

"मग दाखला दिल्लीतच काढा की."

अहो, मी राहते कोल्हापुरात, पडताळणी माझी करायची! त्यानंतर गणपतीचा बंदोबस्त आला, मग नवरात्राचा. दर खेपेला तोच गठ्ठा उपसायचा, माझा टाचणी लावलेला फोटो वर यायचा आणि परत खाली जायचा. शेवटी कळलं, फाईलवर शेरा पडलाय: 'अर्जदार पत्त्यावर आढळून आले नाहीत.' मी घरातच होते. दारावर कुणी आलंच नव्हतं.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे नुसतं नाव काढलं तरी टेबलापलीकडचा माणूस सावध होतो, हे मी समजू शकते. पण हे कोल्हापूर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, सुमारे ५००० पोलिश निर्वासित इथल्या वळिवड्यात राहिले. फाळणीनंतर त्याच छावणीच्या जागी सिंधी कुटुंबं आली, तेच आजचं गांधीनगर. हे मी तिथे बोलूनही दाखवलं. फाईल जागची हलली नाही.

हलली ती चर्चच्या लेटरहेडमुळे. वर्ग ऑनलाइन आहे, मानधन नाही, जबाबदार व्यक्ती कोण, तिचा फोन नंबर काय, एवढं लिहून खाली सही-शिक्का. हे पत्र अर्जासोबतच जोडा. प्रत्येक कागदाचा आवक नंबर घ्या, त्याशिवाय टेबल सोडू नका. माझ्याकडे नंबर होता म्हणूनच वरच्या साहेबांसमोर तारखेनिशी बोलता आलं. पुढे हवालदार घरी आले, शेजाऱ्यांना विचारून गेले आणि दाखला हातात पडला. त्या दिवशी मी ताईंकडे पेढे घेऊन गेले.

शिकवताना व्याकरणाच्या मागे लागू नका. लग्नाच्या स्वयंपाकाला जाणारी एक बाई वर्गात आहे. 'मुलाला तीन दिवस ताप आहे, गोळी दिली तरी उतरत नाही' हे डॉक्टरांना इंग्रजीत कसं सांगायचं, ते तिने आधी विचारलं. मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, तरी वाक्य पाठ होईपर्यंत ती म्हणत राहिली. त्यांच्याकडे नेट पुरत नाही, म्हणून व्हिडिओ बंद ठेवते आणि धडा व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवते.

आणि हो, भाड्याने राहत असाल तर भाडेकराराची झेरॉक्स आधीच जोडा, तीही मागतात.