निळी स्क्रीन वेगळी, काळी स्क्रीन वेगळी

घरच्या डेस्कटॉपने मध्यंतरी जाम छळलं. कधी निळी स्क्रीन, कधी काहीही न सांगता खटकन काळोख आणि लगेच पुन्हा सुरू. ज्याला विचारावं तो एकच उपाय सांगे: विंडोज नव्याने टाक. ते मी मुद्दाम केलं नाही. रॅमच खराब असेल तर नवं विंडोजसुद्धा त्याच रॅममधून डिस्कवर जातं आणि जाता जाताच बिघडू शकतं. मग खरा दोष कुठे आहे, हे शोधणं आणखी अवघड.

त्याऐवजी आधी सेटिंगमधलं 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' बंद केलं, म्हणजे निळी स्क्रीन आली की वाचेपर्यंत टिकेल. शेजारी एक वही ठेवली. किती वाजता पडला, तेव्हा काय चालू होतं, पडद्यावर काय दिसलं, एवढंच लिहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं त्या वहीवरच उभं राहिलं.

निळ्या स्क्रीनवरचं एररचं नाव दर वेळी बदलत होतं. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', कधी फाइल सिस्टिमच्या नावाने काहीतरी. एखादा ड्रायव्हर, म्हणजे एखादं हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम, खराब असेल तर बहुतेक वेळा तेच ते नाव फिरून येतं. नावं अशी भरकटत असतील तर संशय खाली हार्डवेअरकडे वळवावा.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' अशा लाल नोंदींची रांग होती. ही नोंद पाहून पुष्कळ जण एसएमपीएसच (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलायला निघतात. प्रत्यक्षात ती एवढंच सांगते, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण तिला ठाऊक नसतं. मात्र तिच्या 'डिटेल्स'मध्ये 'बगचेक कोड' नावाची एक ओळ असते, आणि ती वाचण्यासारखी आहे. माझ्या काही नोंदींत तिथे २६ किंवा १० होते. हे आकडे दशमान पद्धतीतले. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, १० म्हणजे आयआरक्यूएलवाली स्क्रीन. उरलेल्या नोंदींत चक्क शून्य. शून्य म्हणजे विंडोजला काही लिहायची उसंतच मिळाली नाही. वहीशी ताडून पाहिलं, तर शून्यवाल्या सगळ्या वेळा गेम चालू असतानाच्या होत्या, आणि २६-१०वाल्या कधीच्याही, अगदी साधा ब्राउझर उघडा असतानाच्यासुद्धा. एकाच मशीनला दोन दुखणी असावीत, हे तिथे पहिल्यांदा डोक्यात आलं.

निळ्या स्क्रीनपासून सुरुवात केली. एक खूण आधीच मिळाली होती: मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (वाचलेला डेटा मूळ डेटाशी जुळत नाही अशी तक्रार) यायची आणि तीच फाइल दुसऱ्यांदा बिनतक्रार उघडायची. डिस्कवरची फाइल बिघडली असती तर दर वेळी अडली असती. तरी एसएसडी स्वतःच्या तब्येतीचा जो 'स्मार्ट' अहवाल ठेवते, तो पाहून घेतला, स्वच्छ होता. मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम घेऊन मशीन त्यावरून सुरू केलं आणि रात्रभर चालू ठेवलं. पहिली फेरी निर्दोष गेली. पुष्कळ जण इथेच थांबून रॅमला सोडून देतात. पुढच्या एका फेरीत लाल ओळी आल्या. हवी असलेली किंमत आणि सापडलेली किंमत शेजारी शेजारी, आणि दोन्हींत फरक फक्त एका बिटचा. पत्ताही दर वेळी जवळपास तोच. रॅमच्या चाचणीत एक चूकसुद्धा जास्तच, तिथे पासिंग मार्क नसतात.

पण दोष रॅमचाच, की वेगाचा, की स्लॉटचा? डीडीआर४ रॅमवर छापलेला ३२०० हा वेग बायोसमधलं एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवायची सेटिंग) चालू केल्यावर मिळतो, आणि तेव्हा ती सहसा १.२ऐवजी १.३५ व्होल्टवर चालते. म्हणून आधी एक्सएमपी बंद केलं. चुका कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मग रॅमची एकेक काडी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासली. एक पास, दुसरी नापास. शेवटी चांगली काडी दुसऱ्या स्लॉटमध्येही चालवून पाहिली, म्हणजे मदरबोर्डवरचा आळ निघाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य इथे फार जपावं लागतं. रॅम जोडीने विकलेली असल्यामुळे वॉरंटीत दोन्ही काड्या द्याव्या लागल्या. बदली जोडी आली, मेमटेस्ट पास झाली, त्यानंतर विंडोजच्या फाइली तपासणारी 'एसएफसी स्कॅननाउ' ही कमांड चालवली. सिस्टिमच्या काही फाइली खरंच बिघडलेल्या निघाल्या आणि दुरुस्तही झाल्या. त्या काळात कॉपी केलेले फोटो जुन्या बॅकअपशी जुळवून पाहावे लागले, ते वेगळंच.

निळ्या स्क्रीन संपल्या. काळोख तसाच.

तापमानाची नोंद फाइलमध्ये उतरवली. पडायच्या क्षणापर्यंत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मर्यादेच्या बरेच खाली. प्रोसेसरला ताण देणारा प्राइम९५ एकट्याने तासभर चालला. ग्राफिक्स कार्डला ताण देणारा फरमार्कही एकट्याने चालला. दोन्ही एकत्र लावले आणि मिनिटभरात मशीन आडवं. सॉफ्टवेअर १२ व्होल्टची लाइन व्यवस्थित दाखवत होतं. नियमाप्रमाणे ती ११.४ ते १२.६च्या आत असावी, आणि होतीही. पण ते आकडे सेकंदाला एखाद्या वेळी घेतले जातात. मिलिसेकंदापुरता व्होल्टेज कोसळला तर ते त्यांत उमटत नाही, साध्या मल्टिमीटरवरही नाही.

मग ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट, म्हणजे वीज ओढायची मर्यादा, सॉफ्टवेअरमधून ७० टक्क्यांवर आणली. तोच दुहेरी ताण, आणि मशीन ठणठणीत. सुटा भाग हाताशी नसताना एसएमपीएसवर बोट ठेवायची ही सर्वांत सोपी युक्ती. पण कार्ड स्वतःच जास्त पॉवरला दगा देत असेल, ही शंका उरतेच. म्हणून भावाच्या मशीनचा एसएमपीएस तात्पुरता लावला, आणि तोही त्याच्या स्वतःच्या केबलींसकट. मॉड्युलर (केबली काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या कंपनीच्या, कधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलच्याही, सॉकेटमध्ये बिनबोभाट बसतात. आतली पिनांची जुळणी मात्र वेगळी असू शकते आणि डिस्क जळू शकते. लिमिट पुन्हा १०० टक्के केली, दोन्ही चाचण्या एकत्र लावल्या. काही झालं नाही.

नवा एसएमपीएस लावला. जुना उघडून दुरुस्त करू का, असं भावाने विचारलं. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात, म्हणून त्याला हात लावू दिला नाही. जुना एसएमपीएस थेट ई-कचऱ्यात गेला.