मेनूकार्डातला ‘आर्ट’

पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात मी जर्मन शिकले आणि गेली बारा वर्षे जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर करते आहे. त्यातही मेनूकार्डे आणि खाद्यपदार्थांची माहितीपत्रके माझ्याकडे अधिक येतात. मागच्या हिवाळ्यात बव्हेरियातल्या एका हॉटेलाचे मेनूकार्ड आले. सोबत कोणीतरी आधी केलेले इंग्रजी भाषांतर होते. ते सहज वाचता येईल असे करून मला संध्याकाळपर्यंत परत पाठवायचे होते.

पहिल्याच पानावर ‘आर्ट’ या शब्दाने अडवले. जर्मनमध्ये त्याचा अर्थ कला नव्हे, तर पद्धत. ‘फोरेले म्युलरिन आर्ट’चे इंग्रजीत ‘गिरणीवालीच्या कलेतला ट्राउट’ असे काहीतरी झाले होते. हा मासा पिठात घोळवून लोण्यात परततात, म्हणून पदार्थाला गिरणीवालीचे नाव. मी इंग्रजीत तेवढीच कृती लिहिली आणि पुढे गेले.

‘मात्येस हाउसफ्राउएनआर्ट’ने मात्र बराच वेळ घेतला. शब्दशः ते ‘गृहिणीच्या पद्धतीचे हेरिंग मासे’. आपल्या खाणावळींच्या पाट्यांवरचे ‘घरगुती चव’ लगेच आठवते. पण जर्मन गिऱ्हाइकाला त्या शब्दातून घरच्या जेवणाची ओढ वाटते, तसेच ताटात काय येणार हेही कळते: खारवलेले कोवळे हेरिंग, आंबट सायीच्या सॉसमध्ये, कांदा, सफरचंद आणि काकडीच्या लोणच्यासह. नुसते ‘होम-स्टाइल’ लिहिले, तर इंग्रजी वाचणाऱ्या पाहुण्यासमोर यातले काहीच उभे राहत नाही. म्हणून मी ओढ लावणारा शब्द सोडला आणि ताट लिहिले.

तोवर ‘आर्ट’ गाळायची सवय हाताला लागली होती. ‘श्नित्सेल वीनर आर्ट’, म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेला मांसाचा पातळ काप, व्हिएन्नाच्या पद्धतीचा, समोर आले, तेव्हा इंग्रजीत रुळलेले ‘वीनर श्नित्सेल’ हेच नाव मी लिहून टाकले. दुपारी पुन्हा वाचताना त्याच पानावर खाली ‘वीनर श्नित्सेल’ दिसले आणि त्याची किंमत जवळजवळ दुप्पट होती. पोटात गोळा आला. जर्मनी आणि ऑस्ट्रिया या दोन्ही देशांत ते नाव वासराच्या मांसाच्या श्नित्सेललाच देता येते. ‘वीनर आर्ट’ म्हणजे कृती तीच, पण मांस वेगळे, बहुधा डुकराचे. ज्याला ते निषिद्ध आहे, असा पाहुणा माझ्या इंग्रजीवर विसंबून ते मागवू शकला असता.

मी ताबडतोब हॉटेलला विचारले. तासाभरात उत्तर आले: डुकराचेच मांस. ‘पोर्क’ हा शब्द व्यवस्थापकांना रुक्ष वाटला, त्यांना व्हिएन्नाचे आकर्षण हवे होते आणि त्यांचे म्हणणे मला पटतही होते, कारण मेनूकार्डाने भूक चाळवली पाहिजे. पण मांसाचे नाव लपवून नव्हे. शेवटी ‘ब्रेडेड पोर्क श्नित्सेल, व्हिएन्ना स्टाइल’ यावर आमचे एकमत झाले.

काम वेळेत गेले. त्या रात्री मी आधीची सगळी मेनूकार्डे उघडून तोच ‘आर्ट’ शब्द शोधत बसले. एका कार्डात तो माझ्याच हातून गळालेला सापडला. झोपण्यापूर्वी त्या ग्राहकाला पत्र लिहून चूक कळवली आणि दुरुस्त ओळ सोबत पाठवली.